हातातले स्वर

धारच्या आमच्या घरात चटणीला कधी तोटा नव्हता. कारण सांगितलं की लोकांना वाटतं म्हातारा काहीतरी रचून सांगतोय, पण खरं तेच आहे. पुढच्या खोलीत आप्पांचा, माझ्या वडिलांचा, पाठ चालायचा आणि छडीचा पहिला आवाज आला की आई स्वैपाकघरात पाटा ओढून बसायची. कधी सुकं खोबरं, कधी तीळ, कधी नुसत्या लाल मिरच्या आणि मीठ. हाताला लागेल ते वरवंट्याखाली घालायची आणि छडी थांबेपर्यंत वाटत राहायची. तिकडे जोर वाढला की इकडेही जोर वाढायचा. तिला ते ऐकायचं नव्हतं, आणि न ऐकण्याचा दुसरा उपाय तिच्यापाशी नव्हता. मग दुपारी पानात तीन-तीन चटण्या यायच्या आणि आप्पा म्हणायचे, आज हात सढळ दिसतोय. आई वाढत राहायची. बाहेरगावचे विद्यार्थी आमच्याकडेच जेवायचे. लाल सुजलेल्या मनगटांनी ती पोरं भाकरीला चटणी लावून खायची, आणि पोरंच ती, पाठीवर वळ असले तरी चार घास जास्तच खायची.

आम्ही शुक्ल यजुर्वेदी. आमच्या शाखेत वेद नुसता तोंडानं म्हणत नाहीत, उजव्या हातानंही म्हणतात. स्वर वर गेला की हात वर, खाली आला की खाली, मधला असला की बाजूला. शिवाय बोटांच्या बारीक खुणा वेगळ्याच. तोंड बरोबर आणि हात चुकला तर ते म्हणणं चुकलंच. डाव्या हाताला यात काही काम नाही, तो मांडीवर स्वस्थ ठेवायचा. आप्पांचा उजवा हात बघायला उज्जैन-इंदूरहून माणसं येत. दरबारानं राहायला घर आणि वर्षाचं धान्य दिलं होतं ते त्या हातासाठीच. मी मात्र तो हात आधी गालावर ओळखला आणि मग हवेत. स्वर चुकला की मनगटावर छडी. तोच स्वर पुन्हा चुकला की शेंडी भिंतीतल्या खुंटीला बांधायची, म्हणजे मान ढळली की केस मुळापासून ओढले जात. डही गावाकडचा एक मुलगा पळून गेला आणि मांडूच्या पडक्या महालांत लपून बसला. बापानं शोधून आणून पुन्हा आमच्या ओसरीवर सोडला. त्याला पाहून आप्पा हसले आणि म्हणाले, जिथं थांबला होतास तिथून पुढे म्हण. त्यांना खरोखर वाटायचं की आपण मुलांचं भलं करतोय. त्यांच्या गुरूंनी त्यांना याहून जास्त मारलं होतं आणि ते अभिमानानं सांगत.

माझा थोरला भाऊ विश्वनाथ, आमचा दादा, हा त्या घराचा खरा पाठक व्हायचा. त्याचा आवाज भरीव होता आणि हात आप्पांच्या हातासारखाच. मिसरूड फुटायच्या वयात एका सकाळी त्यानं आप्पांची चूक दाखवली. चूक आप्पांचीच होती हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. आप्पांनी डाव्या कानाखाली अशी मारली की तो भिंतीवर आदळला आणि कानातून रक्त आलं. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा फाटल्याचं सांगितलं. कान पुढे वाहू लागला, मग दुसराही वाहू लागला, आणि वर्ष सरता सरता दादा ठार बहिरा झाला. बहिऱ्याला स्वर कळणार कसा? आप्पांनी त्याला पाठातून उठवलं आणि त्याच्याशी बोलणंही सोडलं, तसं ते बोलून काही उपयोगही नव्हता म्हणा. दादाकडे लाकडं फोडणं, पाणी ओढणं आणि गाई आल्या. आणि खुंटीखालची जागा माझ्याकडे आली.

मला इंग्रजी शिकायला देवासला मामाकडे पाठवलं तेव्हा मी सतरा वर्षांचा असेन. रुद्र तोवर मला पुरा येत होता. दरबारातल्या घरांतून एकेक मुलगा इंग्रजी शिकू लागला होता, आणि आप्पांना वेदाइतकाच दरबारही कळत होता. अट एवढीच, की रोज सकाळी स्नान करून रुद्र म्हणायचा, हातासकट. देवास तेव्हा म्हणजे एक मौजच होती. एका गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक कड एकाची तर दुसरी दुसऱ्याची. मामा धाकट्या पातीत कारकून होते आणि थोरल्या पातीतला कुणी समोरून आला की घसा साफ करून दुसरीकडे बघायचे, मग तो त्यांचा चुलतभाऊ का असेना. मामी सकाळी पोह्यांवर शेव घालून द्यायची आणि भुट्ट्याच्या दिवसांत कीस करायची. त्या घरात कुणी कुणावर हात उगारत नसे. मला पहिले काही दिवस ते फारच विचित्र वाटलं. मामाच्या हातातून पेला पडला तरी मी खांदे आवळून घ्यायचो.

थोरल्या पातीतल्या एका सरदारानं मुलांना फ्रेंच शिकवायला एक पाद्री ठेवला होता. हाडकुळा, दाढीवाला, डावा खांदा उजव्याहून खाली गेलेला. गावात त्याला सगळे पाद्रीबाबा म्हणत. एका सकाळी मी मामांच्या ओट्यावर बसून रुद्र म्हणत होतो आणि हा माणूस रस्त्यात थांबला. ऐकत होता म्हणावं तर माझ्या तोंडाकडे त्याचं लक्ष नव्हतं, तो माझ्या हाताकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी मामांना त्यानं महूच्या छावणीत शिकलेल्या हिंदुस्थानीत विचारलं, की या मुलाला माझ्याकडे यायला परवानगी द्याल का, मला त्याच्याकडून काही समजून घ्यायचं आहे. बाटवायला बोलावतोय असं मामीचं ठाम मत पडलं. मामा म्हणाले, थोरल्या पातीचा माणूस आपल्या दारात येऊन अदबीनं विचारतो, नाही कसं म्हणायचं? असा मी त्याच्याकडे गेलो. घरी आल्यावर आंघोळ करायची आणि तिथलं पाणी प्यायचं नाही, या दोन अटी मी पुष्कळ दिवस पाळल्या.

त्याच्या खोलीत मोठाल्या जाड कागदांवर फोटो होते, जुन्या हस्तलिखित पानांचे. हजारएक वर्षांपूर्वी आल्प्सच्या डोंगरातल्या मठांमध्ये कातड्यावर लिहिलेली ख्रिस्ती उपासनेतली गाणी. शब्द लॅटिन, आणि शब्दांच्या डोक्यावर बारीक बारीक खुणा. एक ठिपका, एक तिरपी रेघ, एक गळासारखा वाकडा आकडा, कुठे तीन लाटा. आज पेटी शिकणाऱ्या पोराला सुरांच्या रेघा दाखवतात तशा रेघा तिथं नव्हत्या. सूर किती वर न्यायचा हे ती लिपी सांगतच नाही, फक्त वर की खाली, तुटक की जोडून एवढंच. काही खुणांवर आणखी चिमुकली अक्षरं, इथं घाई कर, इथं धरून ठेव असं सांगणारी. ज्याला चाल तोंडपाठ आहे त्याच्यासाठीच ती लिपी आहे. पाद्रीबाबा सांगत, की चाल शिकवणारे गेले, चाल विसरली गेली आणि खुणा तेवढ्या राहिल्या. मग त्यांच्या मठातल्या लोकांनी तेच गाणं निरनिराळ्या मठांच्या, निरनिराळ्या काळांच्या पोथ्यांतून गोळा केलं, पुढच्या काळातल्या रेघांवर लिहिलेल्या पोथ्यांशी खूण न खूण जुळवली आणि चाल पुन्हा उभी केली. पाद्रीबाबांचं म्हणणं असं, की या खुणा म्हणजे गाणाऱ्यांच्या पुढे उभं राहून म्होरक्यानं हवेत फिरवलेला हात आहे, तो कुणीतरी कातड्यावर उतरवला. पण तसा हात हलवत गाणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि तो त्यांना देवासमध्ये एका ओट्यावर दिसला.

मी लॅटिन शिकलो ते असं. इंग्रजी शाळा नावाला राहिली. दुपारभर आम्ही दोन पोथ्यांचे फोटो शेजारी मांडून बसायचो. एकीत आकडा असेल तिथं दुसरीत काय आहे, एकीत 'धरून ठेव' आहे तिथं दुसरीनं खूण लांबवली आहे का, असं बघत. मग ते गात आणि मी त्यांच्यामागून गायचो. त्यांचा आवाज फुटका होता, सूर पक्का. 'आलेलुया' नावाचं एक गाणं आहे. त्यातल्या शेवटच्या 'या'वर नुसतीच आळवणी चालते, शब्द संपून गेलेला असतो आणि सूर वर चढतो, वळतो, थरथरून उतरतो. मी ते गाताना माझा उजवा हात आपोआप उठला आणि मी कागदावर पाहिलं तर हात जसा फिरत होता तशीच खूण तिथं होती. पाद्रीबाबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "एक दफा और." त्या वर्षात मला जितकं सुख झालं तितकं नंतर लग्नातही झालं नाही, हे माझ्या बायकोला माहीत होतं आणि ती त्यावरून मला शेवटपर्यंत चिडवायची. आता मला कळतं की खुणा म्हणजे हातच, हे मत पुढच्या अभ्यासकांपैकी पुष्कळांनी मान्य केलं नाही. नसेल केलं. मी त्यावर भांडत नाही. माझा हात काय शिकला ते मला ठाऊक आहे.

एकदा मी त्यांना खांद्याचं विचारलं. त्यांच्या देशातल्या सरकारनं मठ रिकामे करायचा हुकूम काढला होता. शिपाई आले तेव्हा हे सगळे आपापल्या जागी बसून गात होते आणि कुणी उठेना. शिपायांनी कुऱ्हाडीनं दार फोडलं आणि एकेकाला दंडाला धरून ओढत बाहेर नेलं. एका म्हाताऱ्याचं डोकं पायरीवर आपटलं आणि त्याचा डोळा गेला. हे बाकाला मिठी मारून गातच राहिले, म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं खांदा मोडला. मी विचारलं, मोडल्यावर गाणं थांबलं का? ते म्हणाले, गाणं माझ्या शेजाऱ्यानं पुढे नेलं, मग त्याला नेलं. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, पण टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. माझ्या मनात आलं की मारामारी काय ती आपल्याच घरात आहे असं मी उगीच समजत होतो.

मला दोन्ही हवं होतं, हे इथं स्पष्ट सांगतो. आप्पांचा मला राग होता, रुद्राचा नव्हता. सकाळी रुद्र म्हणताना जे सुख व्हायचं तेच दुपारी 'आलेलुया' म्हणताना व्हायचं. यात एक निवडावं लागेल असं मला वाटलंच नाही. मी मूर्ख होतो म्हणा किंवा तरुण म्हणा.

पुढच्या चैत्रात धारला एका मानकऱ्यांकडे वसंतपूजा होती. उन्हाळ्यात वैदिकांना बोलावून त्यांच्याकडून मंत्र म्हणवून घ्यायचे, अंगाला चंदन, हाताला अत्तर लावायचं, कैरीचं पन्हं आणि भिजवलेले हरभरे द्यायचे. आप्पांनी मला खास बोलावून घेतलं. देवासला राहूनही माझा पोरगा कसा तयार आहे ते चारचौघांना दिसावं. दिवाणखान्यात वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारलं होतं. दोन रांगा समोरासमोर बसल्या, आप्पा माझ्या समोर, त्यांच्या शेजारी इंदूरहून आलेले एक नामांकित घनपाठी वैदिक. रुद्र सुरू झाला. सगळ्यांचे हात एकदम वर, एकदम खाली. बघणाऱ्याला वारा आल्यावर शेत हलतं तसं वाटावं. मी डोळे मिटले होते. एका लांब स्वराशी आलो, तो धरला, आणि धरताना माझ्या हातानं वेदाचा हात सोडला. बोटं तीनदा थरथरत वर चढली आणि आकडा काढून उतरली. गळाही तसाच थरथरला. मी विसरलो असं नव्हे. हात त्या जागी सुखात होता आणि त्याला जे सुखाचं माहीत होतं ते त्यानं केलं.

डोळे उघडले तेव्हा समोरची रांग थांबली होती. चूक सगळ्यांची होते, तिच्यावर लोक हसतात आणि पुढे जातात. ही चूक नव्हती, ही दुसरीकडून शिकून आलेली गोष्ट होती आणि तिथल्या प्रत्येकाला ती ओळखता आली. घनपाठींनी आप्पांकडे वळून शांतपणे विचारलं, "शास्त्रीबुवा, हा हात कुठला?"  आप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे पुढे म्हण. मी पुढे म्हटलं. पन्हं आलं तेव्हा त्यांनी ते घेतलं नाही आणि मलाही घेऊ दिलं नाही. घरापर्यंत ते माझ्यापुढे चालत होते. ते न बोलता चालतात तेव्हा काय होतं ते मला माहीत होतं, तरी मी मागे मागे गेलो. कुठे जाणार?

घरात शिरल्यावर त्यांनी मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. पाद्री, फोटो, लॅटिन, सगळं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला स्वैपाकघरात ओढत नेलं. आई पाट्याशी बसली होती, आम्ही तसे चालत आलेले पाहूनच तिनं पाटा ओढला असणार. आप्पा तिला म्हणाले, सरक. तिच्या हातातला वरवंटा त्यांनी काढून घेतला. माझा हात पाट्यावर वाटलेल्या मिरचीत दाबून धरला आणि वरून वरवंटा घातला. पहिल्यांदा बोटांवर, मग मनगटावर. आवाज माझ्या दातांत ऐकू आला. मी ओरडलो का ते आठवत नाही. मिरची जखमेत गेल्याची आग आठवते, आणि आप्पांचा चेहरा आठवतो. त्यावर राग नव्हता. अवघड जागा सोडवताना पाठाच्या वेळी असायचा तसा तो चेहरा होता. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण रागानं मारलं म्हटलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

दादा परसात लाकडं फोडत होता. त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण खिडकीतून त्याला आईचं उघडं तोंड दिसलं. तो आत आला, पाट्याकडे पाहिलं, आणि आप्पांची मान मागून धरून त्यांना भिंतीवर आपटलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आप्पांची पगडी पडली, पुढचे दात पडले, भिंतीला रक्त लागलं. दादा बोलणं जवळजवळ विसरलाच होता, घशातून नुसता घरघर आवाज येत होता. मग त्यानं वरवंटा उचलला आणि डोक्यावर नेला. आई त्याच्या दंडाला लोंबकळली. ती किती लहानखुरी होती, तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले. तशी लोंबकळत ती त्याच्या तोंडासमोर मान हलवत राहिली, नाही, नाही, कारण बोलून त्याला कळलं नसतं. दादानं वरवंटा खाली टाकला, फरशी फुटली. त्या दिवसापासून तो स्वैपाकघराच्या उंबऱ्यात झोपू लागला आणि आप्पा आईवर आवाजसुद्धा चढवेनासे झाले.

शेजारचा टांगेवाला मला दवाखान्यात घेऊन गेला. वाटभर तो म्हणत होता, "भिया, हाथ मती हलाओ. बस, आई गया." डॉक्टरीणबाईंनी बोटं जुळवली, मनगटाला फळ्या बांधल्या. कसं झालं हे त्यांनी विचारलं, आईनं सांगितलं की जिन्यावरून पडला. आमच्या घराला जिना नव्हता आणि बाई आमच्या घरी येऊन गेल्या होत्या. त्यांनी आईकडे बघितलं आणि औषध लिहून दिलं. हात बरा व्हायचा तेवढा झाला. दोन बोटं वाकडी राहिली आणि मनगट फिरेना. हात छातीपर्यंत यायचा, त्याच्या वर जायचा नाही.

मी देवासला परतलो. माझा हात पाहून पाद्रीबाबांनी सगळे फोटो गुंडाळून पेटीत घातले आणि म्हणाले, आता हे बंद, यापायी हे झालं. मी म्हटलं, यापायी नाही झालं. बराच वेळ आम्ही दोघे वाद घालत बसलो. शेवटी मी डाव्या हातानं पेटी उघडली आणि 'आलेलुया' काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्या गाण्यात उजवं-डावं कुणी विचारत नाही. पावसाळाभर आम्ही पोथ्या जुळवल्या. मामीनं अटी सोडून दिल्या आणि पाद्रीबाबांसाठी डब्यातून दाल-बाफले पाठवू लागली, म्हणायची, त्या बिचाऱ्याला तरी दुसरं कोण आहे.

दिवाळीनंतर मामा धारला जाऊन आले आणि आप्पांचा निरोप घेऊन आले. घरी ये, प्रायश्चित्त घे, झालं गेलं संपलं. बाहेरचे विद्यार्थी वसंतपूजेनंतर एकेक करून निघून गेले होते. आप्पांच्या गुरूंपासून आलेला पाठ पुढे न्यायला आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मामा म्हणाले, ते म्हातारे दिसायला लागलेत रे. पाद्रीबाबा म्हणाले, जा, ते तुझं आहे, ते सोडू नकोस. मला त्यांचं म्हणणं पटलं कारण मला तेच हवं होतं. वाटलं, आप्पांनी इतकं म्हटलं म्हणजे आता दोन्ही जमेल. सकाळी हे, दुपारी ते. घोड्यांच्या शिग्राममधून धारपर्यंत मी हेच जुळवत गेलो.

प्रायश्चित्त झालं, पंचगव्य घेतलं, आणि दुसऱ्या सकाळी आप्पांनी मला पाठाच्या खोलीत समोर बसवलं. दात नसल्यानं त्यांचे उच्चार फुसफुसत होते. मी रुद्र सुरू केला. आवाज चांगला लागला. आप्पांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं समाधान आलं. मग वरच्या स्वराशी आलो. हात छातीशी अडला. आप्पांनी डोळे उघडले, म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा म्हटलं. हात पुन्हा तिथंच. त्यांनी शेजारी हात नेला आणि छडी उचलली. मला वाटलं की ते आता त्या वाकड्या मनगटाकडे पाहतील आणि ती छडी खाली ठेवतील. त्यांनी मनगटाकडेच पाहिलं आणि त्याच्यावरच मारली. म्हणाले, पुन्हा. मी म्हणत राहिलो, ते मारत राहिले. दादा गाई घेऊन बाहेर गेला होता. जुन्या हाडात कळ शिरून डोळ्यांपुढे काळोख येत होता. पाठ मधेच सोडून उठायचं नाही हे आम्हाला बोलता यायच्या आधीपासून शिकवलेलं. त्या खोलीत मार खाऊन मी मेलो असतो, पण उठलो नसतो. मी तसाच घडवलेला होतो.

बायका पाठाच्या खोलीत येत नसत. आई उभ्या संसारात त्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती, केरसुद्धा विद्यार्थी काढत. ती आली. पदर खोचलेला होता आणि हात पिठाचे होते. तिनं आप्पांना अडवलं नाही, छडीला हात लावला नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. आप्पा आणि मी यांच्यामध्ये जी हातभर जागा होती तिच्यातून ती सावकाश चालत गेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तिथं उभी राहिली.

गुरू आणि शिष्य यांच्या मधून पाठाच्या वेळी साधं मांजर गेलं तरी पाठ तिथंच थांबतो. एक दिवस, एक रात्र वेदाचं अक्षर उच्चारायचं नाही. हे शास्त्र आहे आणि ते आप्पांनीच आम्हाला शिकवलं होतं. भिंतीपलीकडून इतकी वर्षं आईनंही ते ऐकलेलं होतं.

आप्पांची छडी वर होती. ती तशीच वर राहिली.  बायकोला ते मारू शकत होते, मुलाचं हाड मोडू शकत होते. हे मोडू शकत नव्हते.

आई म्हणाली, "अनध्याय झाला. मोरू, ऊठ. देवासला जा. उद्या पुन्हा बसवतील, म्हणून आजच जा."

मी उठलो. आप्पांनी छडी खाली ठेवली.